दारू सोडायला देव लागतो का?

दारू सोडायची म्हटलं की आपल्याकडे पहिली वाट देवळाकडे जाते. कुणी कुलदैवतापुढे शपथ घेतं, कुणी तुळशीची माळ घालतं, कुणाला घरचे एखाद्या बाबाकडे अंगारा आणायला नेतात, आणि अगदीच गळ्याशी आलं की बायको मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावते. हे सगळं करून झाल्यावर कुणीतरी सुचवतं, एकदा मीटिंगला जाऊन बघ. मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, सगळे जिला नुसतं ‘एए’ म्हणतात तिची. तिथे फी नाही, प्रवेशाचा अर्ज नाही, प्रवचन देणारा महाराज नाही. पिणं थांबवायची इच्छा असली की पुरे. पण तिथल्या बारा पायऱ्या वाचायला घेतल्या की दुसऱ्याच पायरीवर देव पुन्हा आडवा येतो. आपल्याहून मोठी अशी एक शक्ती आपल्याला ताळ्यावर आणू शकेल, असा विश्वास तिथे मागितला जातो. तिसऱ्या पायरीवर तर ईश्वराच्या स्वाधीनच व्हायचं, फक्त तो ज्याला जसा उमगेल तसा. इथे दोन तऱ्हेची माणसं अडतात. देव न मानणारा म्हणतो, ही मागच्या दाराने आणलेली भक्ती आहे. देव मानणारा म्हणतो, माझा देव देव्हाऱ्यात आहे, त्याच्यापाशी जायला मला चार अनोळखी दारुड्यांची मध्यस्थी कशाला? दोघांचीही शंका रास्त आहे आणि दोघांनाही टोलवून लावू नये.

पालघर जिल्ह्यातल्या, बोईसरजवळच्या पामसारख्या गावात हा प्रश्न नुसता तात्त्विक राहत नाही. एका बाजूला मासेमारीवर जगणारी किनाऱ्यावरची गावं, दुसऱ्या बाजूला तारापूर एमआयडीसीचे रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने, पलीकडे १९६९ पासून चालणारं अणुवीज केंद्र, आणि पूर्वेला रेल्वे ओलांडून गेलं की वारली, मल्हार कोळी, काथोडी यांचे पाडे. भाड्याच्या खोल्यांतून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे कामगार. हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती, आणि ज्यांचा धर्म जनगणनेच्या रकान्यात नीट बसत नाही असे आदिवासी. ताडी झाडावरून उतरते, मोहाची भट्टी रानात लागते, देशीचं दुकान नाक्यावर, आणि स्वस्त बाटली हवी तर दमण फार लांब नाही. अशा ठिकाणी कुणी मीटिंग शोधू लागला आणि ‘मोठ्या शक्ती’वर विश्वास ठेव असं त्याला सांगितलं, तर ती शक्ती कुणाची, हे विचारणं त्याचा हक्कच आहे. माझं म्हणणं असं की दारू सुटायला शरण जावं लागतं, यातून सुटका नाही. पण ज्याला शरण जायचं तो देवच असला पाहिजे असं नाही. उलट नुसता देव बहुधा पुरत नाही, आणि याचा पुरावा एएच्या जन्मकथेतही आहे आणि याच पालघरच्या किनाऱ्यावरही.

जन्मकथा आधी घेऊ. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एका हॉटेलात अडकून पडला होता. दारू सोडून काही महिने झाले होते, धंद्याचा सौदा फिसकटला होता, आणि समोर हॉटेलचा बार होता. त्याने तिथे लावलेल्या यादीतून चर्चवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. चर्चवाल्यांना फोन केला म्हणजे त्याला प्रार्थना हवी होती असं वाटेल, पण त्याची मागणी वेगळी होती: मला इथला एखादा दारुडा गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचं आहे. त्यातून त्याची डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी गाठ पडली. या डॉक्टर बॉबची हकिगत आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने बिलपेक्षाही महत्त्वाची आहे. तो दोनेक वर्षं ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळीत जात होता, बायबल वाचत होता, प्रार्थना करत होता, आणि तरी पीत होता. म्हणजे त्याच्याकडे देव होता, श्रद्धा होती, सत्संग होता, वैद्यकाचं ज्ञानही होतं. नव्हता फक्त दुसरा दारुडा. तो भेटल्यावर महिन्याच्या आत, १० जून १९३५ ला, त्याने शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस एए आपला वाढदिवस मानते. श्रद्धेने जे दोन वर्षांत झालं नाही ते काही आठवड्यांच्या बोलण्याने झालं, एवढ्यावरून श्रद्धा निरुपयोगी ठरत नाही. एका माणसावरून नियम बसवता येत नाही हेही खरं. पण श्रद्धा एकटी पुरी पडत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

का पुरी पडत नाही, हे पाहायला शपथेची रचना पाहावी लागते. दारू सोडण्याची शपथ घेणारा आणि ती मोडायला सबब शोधणारा, दोघं एकाच डोक्यात राहतात. आरोपीही तोच आणि न्यायाधीशही तोच. आज हळद आहे, आज पगार झाला, आज साहेबाने अपमान केला, आज पाऊस आहे: प्रत्येक अपवाद मंजूर करणारं खातं त्याच्याच ताब्यात. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो, की इच्छा नसताना, जणू कुणी बळजबरीने ओढल्यासारखा माणूस पाप का करतो. सहाव्या अध्यायात, माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावं असं सांगितलं आहे, आणि अठराव्यात सगळं सोडून शरण ये असं. या दोन उपदेशांचा मेळ भाष्यकारांनी आपापल्या परीने घातला. व्यसनी माणसाला मात्र पहिला उपदेश एकट्याने पाळता येत नाही, कारण वर काढणारा हातच आधी घसरलेला असतो. देवापुढची शपथ या अडचणीवर तोडगा काढू पाहते: साक्षीदार बाहेरचा, सर्वज्ञ, न फसणारा. पण हा साक्षीदार बोलत नाही. तो संध्याकाळी साडेसातला नाक्यावर येऊन विचारत नाही, कुठे निघालास? बायको विचारते, आई विचारते, पण त्यांना फसवण्याची सवय इतकी मुरलेली असते की त्यांचा प्रश्न आला की उत्तर तयारच असतं. पोलीस, मालक, सासरा यांच्यापुढे तर लपवणंच येतं, कारण तिथे उघडं पडण्याची किंमत मोठी. उरतो तो एकच साक्षीदार, ज्याने स्वतः बाटली पाण्याच्या टाकीमागे लपवली आहे, ज्याला लपवण्याच्या सगळ्या जागा ठाऊक आहेत, आणि ज्याचं आपल्यावर काही वर्चस्व नाही. त्याला फसवता येत नाही आणि त्याला फसवून काही मिळतही नाही. मीटिंगमध्ये बसलेला असतो तो हा साक्षीदार.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. दारू सोडण्याची एक मोठी लाट इथूनच उठली होती, हे आज बोईसर-पालघरमध्ये फारसं कुणी सांगत नाही. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द कमिंग ऑफ द देवी’ या ग्रंथात तिचा माग काढला आहे. १९२१-२२ च्या सुमारास, आजच्या पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांमध्ये देवीच्या साथीच्या निमित्ताने देवीचा एक विधी सुरू झाला. देवी अंगात येई आणि तोंडाने आज्ञा करी. हा विधी एका गावाने दुसऱ्या गावाला सोपवायचा, असं करत करत तो डोंगरपट्ट्यातल्या आदिवासींत शिरला आणि उत्तरेकडे सुरत जिल्ह्यात पोचला. नोव्हेंबर १९२२ मध्ये तिथल्या खानपूर गावाजवळ दोनेक हजार आदिवासी देवीचं ऐकायला जमले होते. देवीच्या आज्ञा अशा: दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, आणि सुरतेकडे तर दारूची दुकानं आणि जमिनी ज्यांच्या हातात होत्या त्या पारशांकडे कामाला जाऊ नका. या शेवटच्या आज्ञेमागे चाळीसेक वर्षांचा हिशोब होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती दारू गाळणं गुन्हा ठरवून मक्तेदाराच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळवून दिलं होतं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये खास कायदा करून मोहाच्या फुलांवरच बंधन घातलं होतं. ज्या झाडाची फुलं आजा-पणजा वेचत आले, ती घरात ठेवली तर गुन्हा, आणि तीच दारू दुकानात जाऊन पैसे देऊन प्यायची. दारू सोडणं हा त्या लोकांसाठी आत्मशुद्धीचा भाग होताच, पण कर्जाच्या वहीतून नाव खोडण्याचाही होता.

या चळवळीत देवाची आज्ञा होती, आणि ती साधीसुधी नव्हती, तोंडाने बोलणारी, घाबरवणारी, नाचवणारी. एमिल दुर्खेमने १९१२ मध्ये मांडलं होतं की माणसं एकत्र जमून उचंबळतात तेव्हा त्यांना जी शक्ती जाणवते ती त्यांच्याच समूहाची असते, तिलाच ते देव म्हणतात. १९२२ च्या त्या मेळ्यांचं वर्णन वाचताना दुर्खेम डोळ्यांपुढे येतो. पण पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. देवी पुढच्या गावी गेली, आणि बऱ्याच ठिकाणी थोड्याच काळात लोक पुन्हा प्यायला लागले. सुरतेकडच्या आदिवासींत चक्क दोन तट पडले: वर्ज्य पाळत राहिले ते वर्जेला, आणि सोडलेलं परत धरलं ते सर्जेला. वर्जेला टिकले ते जास्त करून तिथे, जिथे देवी गेल्यावरही माणसं एकमेकांना भेटत राहिली, गांधीवादी कार्यकर्त्यांच्या परिषदा भरत राहिल्या, वेडछीसारखे आश्रम उभे राहिले, सूतकताई का होईना पण रोजचं काहीतरी एकत्र चालू राहिलं. आज्ञा दोघांनाही एकाच देवीची होती. दोघांत फरक पडला तो आज्ञेनंतरच्या रोजच्या जगण्यात. म्हणून दुर्खेमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. समूहाची शक्ती असते हे खरं, पण उचंबळण्याची शक्ती दारू सोडवते आणि तिथेच संपते. सुटलेली दारू सुटलेलीच ठेवायला उचंबळणं कामाचं नाही. तिथे एक प्रकारचा कंटाळा लागतो. एएची मीटिंग पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होते ती यामुळेच. तीच वाक्यं, तेच वाचन, ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक’ म्हणून सुरुवात, त्याच त्या हकिगती, शेवटी चहा. अंगात कुणाच्या येत नाही. मला हा त्या मीटिंगचा सर्वांत मोठा गुण वाटतो. ती पुढच्या आठवड्यात त्याच वेळी परत भरते.

देवाशिवाय शरण जाता येतं का, याचंही उत्तर महाराष्ट्राने देऊन ठेवलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सुरुवातीलाच देव-देवता नाकारल्या आहेत, अवताराची कल्पना नाकारली आहे, आणि पुढे मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. एकाच यादीत देवाला नकार आणि दारूला नकार. त्याच दीक्षेत बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं आहे. शरण जायला वर कुणी बसलेला लागतोच असं मानणाऱ्यांनी या तिसऱ्या शरणाचा विचार करावा. संघ म्हणजे माणसंच. अर्थात प्रतिज्ञा घेतलेल्या प्रत्येक वस्तीतून दारू गेली असं कुणी म्हणणार नाही, आणि माळ घातलेला प्रत्येक वारकरीही शेवटपर्यंत टिकतो असं नाही. पण दोन्हीकडे टिकणारे कोण, हे विचारलं तर उत्तर एकाच जातीचं मिळतं: जो विहारात वंदनेला नियमाने येतो, जो एकादशीला भजनाला बसतो आणि वर्षाला दिंडीत चालतो. आणि एएच्या स्वतःच्या लिखाणातही हे दडवलेलं नाही. १९५० मध्ये स्वीकारलेल्या त्यांच्या बारा परंपरांपैकी दुसरीत, समूहाच्या सदसद्विवेकातून जो ईश्वर प्रकट होईल तोच अंतिम अधिकारी असं मानलं आहे; आणि १९५३ च्या पायऱ्यांवरच्या पुस्तकात, ज्याला देव पटत नाही त्याने एए या समूहालाच आपल्याहून मोठी शक्ती मानून सुरुवात करावी, अशी मोकळीक दिली आहे. एकट्यापेक्षा मोठं काही हवं असेल, तर दारू सोडलेली पाच-दहा माणसं ही दारू न सोडलेल्या एका माणसापेक्षा मोठी शक्ती आहे. एवढं मानायला कुठल्याही पंथाची दीक्षा लागत नाही.

विवेकवाद्याचा पुढचा आक्षेप पुराव्याचा असतो, आणि तो असायलाच हवा. कोक्रेन या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेने २००६ मध्ये अभ्यास तपासले तेव्हा एएचा उपयोग होतो असं ठामपणे म्हणता येईल असा पुरावा मिळाला नव्हता. २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती, आणि निष्कर्ष बदलला: ठरीव पद्धतीने एएकडे जोडून देणारे उपचार, दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, वर्तनोपचारासारख्या इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. हे अभ्यास मुख्यतः अमेरिकेतले आहेत, बोईसरच्या कामगारावर कुणी केलेले नाहीत, हे लक्षात ठेवूनच वाचायचे. त्या आढाव्याचे एक लेखक जॉन केली यांनी अशा मंडळ्या नेमक्या कशाने उपयोगी पडतात याचाही शोध घेतला आहे, आणि त्यात पुढे आलं ते असं की माणसाची सोबत बदलते, पिणारे मित्र कमी आणि न पिणारे जास्त होतात, आणि अवघड प्रसंगी आपण न पिता राहू शकू हा भरवसा वाढतो. अध्यात्माचा वाटा आहे, पण तो जास्त करून ज्यांचं व्यसन फार पुढे गेलेलं आहे अशांमध्ये. हा शेवटचा भाग मी सोडून देणार नाही, कारण तो माझ्या म्हणण्याला थोडा आडवा जातो. ज्याचं सगळं गेलं आहे, त्याला नुसती सोबत पुरत नसावी. आपल्या जगण्याला काही अर्थ आहे का, हा प्रश्न त्याला आधी सोडवावा लागतो. तिथे देव उपयोगी पडत असेल तर त्याला दारातून परत पाठवण्याचं कारण नाही. आणि एक गोष्ट देव आणि मीटिंग या दोघांच्याही आधीची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली काढायचे. शपथ घालून खोलीत कोंडणं हा धर्मही नाही आणि उपचारही नाही.

दुसरा आक्षेप आपल्या जिल्ह्यात जास्त टोचतो: हा छुपा ख्रिस्ती धर्म नाही का? मुळं ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये आहेत, मीटिंगा पुष्कळ ठिकाणी चर्चच्या खोल्यांत भरतात, आणि पालघरच्या आदिवासी भागात धर्मांतरावरून वातावरण किती लवकर तापतं हे सर्वांना माहीत आहे. या आक्षेपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिफिन विरुद्ध कफलिन या खटल्यात, देव न मानणाऱ्या कैद्याला सवलतीच्या बदल्यात एएच्या धर्तीच्या कार्यक्रमाला बसायची सक्ती करता येणार नाही असा निकाल दिला, आणि तो देताना त्या पायऱ्यांमधला आशय धार्मिक आहे हे मान्य केलं. निकाल योग्यच होता. सक्ती आली की शरण जाण्यातला प्राणच जातो. पण उलट दिशेने काय घडलं तेही पाहू. फादर जो परेरा या कॅथलिक धर्मगुरूंनी १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केलं. त्याचं काम वसईतही आहे. त्यांनी बारा पायऱ्यांच्या जोडीला काय घेतलं, तर पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचा योग. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीच्या बळावर मुक्तांगण उभं केलं. तिथलं वातावरण पंथाचं नाही, पण समूहात बसून बोलणं हा तिथला कणा आहे, आणि बऱ्या झालेल्या माणसानेच पुढच्याला हात द्यायचा ही रीतही. पाद्री योग शिकवतो आणि डॉक्टरीण गटात बसवते. देव बदलला, आसन बदललं, गट मात्र कुणालाच बाजूला ठेवता आला नाही.

वारली घरातून येणारा आक्षेप याहून खोल आहे आणि शहरी लिखाणात तो सहसा दिसत नाही. तिथे दारू पापाच्या बाजूला नाही, धर्माच्या बाजूला आहे. जन्म, लग्न, मयत, पूर्वजांना पाजणं, हिरवा, वाघोबा या देवांना मान देणं, या सगळ्यांत दारूची धार लागते. देवच पितो तिथे देवाच्या नावाने सोडायचं कसं? आणि सोडलं तर आपण आपल्या माणसांतून उठलो असं होणार नाही का? १९२२ च्या देवीने यावर जे उत्तर दिलं ते कठोर होतं: जुन्या चालीच बदला. त्याची किंमत म्हणजे आदिवासींनी आपल्या रीती हलक्या मानून वरच्या जातींच्या रीती उचलल्या, ही टीका झाली आहे आणि ती पूर्णपणे नाकारता येत नाही. मीटिंगचं उत्तर मला इथे अधिक सभ्य वाटतं, कारण ती दारूबद्दल काही म्हणतच नाही. दारू वाईट, ताडी वाईट, मोह वाईट, असा तिचा दावा नाही. दारू मला चालत नाही, एवढंच तिथे बसलेला माणूस म्हणतो. भगताने धार सोडावी, पूर्वजांना त्यांचा वाटा मिळावा, आणि या एका माणसाने आपला वाटा जमिनीवर सांडून टाकावा, यात धर्म मोडत नाही. मात्र हे त्याला एकट्याने, भर लग्नात, मामा-काकांच्या आग्रहापुढे करायला लावणं क्रूर आहे. शेजारी आणखी एकजण वाटा सांडणारा असेल तर जमतं.

चौथा आक्षेप डावीकडून येतो आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘तुमच्या हातात काही नाही’ असंच सांगितलं गेलं, त्यांना पहिल्याच पायरीवर ‘मी हतबल आहे’ म्हणायला लावणं हा शोषकाचाच धडा नाही का? दुकानाचा परवाना सरकार देतं, महसूल सरकार घेतं, दमणहून बाटल्या येतात, बारा तासांची पाळी कारखाना करून घेतो, आणि मीटिंगमध्ये माणूस आपल्या दोषांची यादी वाचतो. यावर नेहमी दिलं जाणारं उत्तर असं की हतबलता दारूपुढची आहे, मालकापुढची नाही. ते खरं आहे. उलट पहिल्या पेल्यापुढे आपलं चालत नाही हे एकदा मान्य केलं की रोज हरत आलेली एक लढाई संपते आणि बाकीच्या लढायांना हात मोकळे होतात. पण हे उत्तर पुरेसं आहे असं मला वाटत नाही. एए आपल्या परंपरांनुसार बाहेरच्या वादांवर मत देत नाही, दारूबंदीच्या बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही. त्यामुळे ती सुमारे १८० देशांत टिकली, हे मान्य. तरी शंभर वर्षांपूर्वीच्या देवीने जे एका दमात सांगितलं, की पिऊ नका आणि पाजणाऱ्याच्या दारात कामालाही जाऊ नका, त्यातला दुसरा भाग मीटिंगमध्ये गळून पडला आहे. तो भाग बाहेरच करावा लागेल. महिलांच्या मतदानाने बाटली आडवी करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे, ती त्याच जातीची गोष्ट. मीटिंगने मोर्चा काढू नये आणि मोर्चाने मीटिंगला पळपुटेपणा म्हणू नये, एवढं मात्र दोन्हीकडच्या लोकांना सांगायला हवं.

आणि बायको? ‘अनामिक’ राहण्याचं अभय पिणाऱ्याला मिळतं, पण पामसारख्या ठिकाणी अमक्याची बायको म्हणून ती सगळ्यांना ठाऊकच असते. नवऱ्याला एक वर्ष झालं की टाळ्या वाजतात. त्याआधीची पंधरा वर्षं ती घर चालवत होती, त्याबद्दल कुणी मेडल देत नाही. नातेवाइकांसाठी १९५१ पासून अल-अनॉन आहे, मुक्तांगणचा ‘सहचरी’ गट आहे. शरण जाण्याचा मुद्दा तिच्या बाबतीत उलटा होतो, हे तिथे बसल्यावर लवकर कळतं: तिला सोडायचं असतं ते दुसऱ्याला सुधारण्याचं ओझं. इथे देव मदतीला येतो की अडथळ्याला, हे सांगणं कठीण आहे, कारण पतीला सांभाळणं हाच धर्म असं तिला ज्यांनी शिकवलं, ते देवाच्याच नावाने बोलत होते.

गावात नाव लपणार कसं, हा प्रश्न मात्र पुरुषालाही आहेच. जिथे मोटारसायकल कुणाच्या दारात उभी आहे यावरून बातमी होते, तिथे अनामिकता म्हणजे तोंड लपवणं असा अर्थ घेतला तर ती अशक्य आहे. पण तिचा दुसरा अर्थ जास्त उपयोगाचा आहे: खोलीत आडनाव चालत नाही. अणुकेंद्रातला तंत्रज्ञ, कंपनीतला कंत्राटी हेल्पर, होडीवरचा खलाशी आणि शाळामास्तर एकाच बाकावर, फक्त पहिल्या नावाने. आपल्या समाजात आडनाव उच्चारलं की जात येते, आणि जात आली की कोण कुणाला उपदेश करणार हे ठरून जातं. ते ठरू न देणारी जागा फार थोडी आहे. आणि तोंड लपवायचंच असेल त्याच्यासाठी लोकल आहे. २०१३ पासून ती डहाणू रोडपर्यंत जाते, आणि वसई-विरारकडे उतरणाऱ्याला कुणी कुठे निघालास विचारत नाही. पहिल्या काही मीटिंगा लांबच्या गावात आणि पुढच्या आपल्या गावात, हा व्यवहारी मार्ग आहे.

वरचा युक्तिवाद खरा असेल, म्हणजे टिकवणारी गोष्ट देवाचं नाव नसून पुन्हा पुन्हा भरणं ही असेल, तर पाम-बोईसरमध्ये विचारायचा प्रश्न भिंतीवर कुणाचा फोटो लावायचा हा नाही, मीटिंग कधी भरवायची हा आहे. कंपन्यांत पाळी आठवड्याला बदलते. या शनिवारी संध्याकाळी मोकळा असलेला माणूस पुढच्या शनिवारी दुसऱ्या पाळीत आणि त्यापुढच्या शनिवारी रात्रपाळीत असतो. शहरातल्यासारखी ‘दर शनिवारी सात वाजता’ अशी एकच वेळ ठेवली तर पाळी आड आली की तो गैरहजर, आणि गैरहजेरीच्या त्या आठवड्यांत नाका त्याच्या वाटेवरच आहे. भरती-ओहोटीवर जाणाऱ्या होडीवाल्याचं तेच. तेव्हा इथे आठवड्याला दोन वेळा लागतील, एक सकाळची, रात्रपाळी सुटल्यावरची, आणि एक रात्री नऊच्या पुढची. भाषा मराठी आणि हिंदी दोन्ही. जागेला शाळेची खोली, समाजमंदिर, विहार, चर्चचा हॉल, काहीही चालेल, किल्ली वेळेवर मिळाली की झालं. आणि सुरुवातीला माणसं दोन असली तरी पुरतात. अ‍ॅक्रनमध्ये दोनच होती.